बदलीची गोधडी : कामाच्या नोंदी, इंदूर, जुलै ते डिसेंबर २०२४

फौजी घरांतल्या मुलांनी मिळून एक गोधडी शिवायची आणि त्यांच्या बदल्या, घरं, शाळा तिच्यात आणायच्या, एवढाच बेत होता. असं काही कुणाला करायचं असेल तर आमच्या चुका तरी वाचाव्यात म्हणून या नोंदी जशा लिहिल्या तशाच ठेवते आहे. मी चित्रकलेची शिक्षिका, आता निवृत्त. वडील सुभेदार होते. दहावीपर्यंत माझ्या सात शाळा झाल्या.

७ जुलै, रविवार

राजेंद्रनगरातला छोटा हॉल मिळाला, रविवारी तीन तासांचे ३०० रुपये. महू ही फौजी छावणी इथून वीसेक किलोमीटर. तिथे इन्फंट्री स्कूल, टेलिकम्युनिकेशनचं कॉलेज, वॉर कॉलेज अशा मोठ्या प्रशिक्षण संस्था असल्यानं माणसं सतत येतात आणि जातात. बरीच मराठी कुटुंबं मुलांच्या शाळेसाठी इंदूरला भाड्यानं राहतात, वडील दुसरीकडे. अशी १६ घरं आणि २३ मुलं नक्की झाली, वय नऊ ते सोळा.

शिवणाच्या जबाबदारीला आमच्या मागच्या गल्लीतल्या काकू आहेत. माहेर साताऱ्याकडचं, त्या गोधडीला वाकळ म्हणतात. आजवर किती शिवल्या ते त्यांनी मोजलेलं नाही. त्यांना मानधन द्यायचं हे पहिल्याच दिवशी ठरवलं. गोधडी शिवणाऱ्या बाईकडून फुकट काम करून घेऊ नये.

१४ जुलै

पहिला दिवस पूर्ण फुकट गेला आणि चूक माझी होती.

मी फळ्यावर लिहिलं, ‘माझे बाबा, माझा अभिमान’. मुलांच्या हातात कापडाचे चौकोन आणि फॅब्रिक रंग दिले. दोन तासांनी पाहिलं तर २३ पैकी १७ चौकोनांवर रणगाडा किंवा झेंडा. चार चौकोनांवर सलाम करणारा माणूस, चेहरा नसलेला. दोन कोरे. शाळेच्या प्रत्येक पंधरा ऑगस्टला हीच चित्रं काढून मुलांचा हात बसला आहे. फळ्यावरचं वाक्य वाचून त्यांनी मला हवं ते दिलं. त्यांचं स्वतःचं त्यात काही नव्हतं.

त्यात कापडही चुकलं. एमटी क्लॉथ मार्केटमधून स्वस्त मिळालं म्हणून सहा मीटर केसमेंट आणलं होतं, ते निघालं पॉलिएस्टरमिश्रित. रंग धरेना, वाळल्यावर नखानं पापुद्रे निघाले. कापड ५७० रुपये, रंग १,१४० रुपये. दोन्ही गेलं.

काकू एवढंच म्हणाल्या, “वाकळंला नवं कापड कशाला गं? जुनं आणायला सांग.”

२१ जुलै

आज भारताचा मोठा नकाशा कापडावर छापून नेला. प्रत्येकानं आपापली गावं टाक्यांनी जोडायची अशी कल्पना. मुलं तुटून पडली. अर्ध्या तासात नकाशाभर धागे झाले आणि मला वाटलं, जमलं.

एक आई मुलाला घ्यायला लवकर आली होती. नकाशापाशी थोडा वेळ उभी राहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, जुन्या जागांचं ठीक आहे. पण आत्ता हे जिथे आहेत ते असं लिहून टांगायचं नसतं.” मी सुभेदाराची मुलगी, आणि मला हे सुचू नये! आमच्या घरी तर फोनवरही गावाचं नाव घ्यायची बंदी होती.

नकाशा तिथेच सोडवला. धागे कापण्याचं काम मुलांनीच केलं. रागावेल कुणी असं वाटलं होतं, पण मोठी मुलं उलट मोकळी झाली. नववीतला एकजण म्हणाला, “मी तसंही खोटंच गाव टाकलं होतं.” त्याला कळत होतं, मला नाही.

आजपासूनचे नियम कागदावर लिहून भिंतीला लावले. पलटणीचं नाव नाही, नंबर नाही, सध्याची जागा नाही, वडिलांचा चेहरा नाही. मुलानं कधीही आपला चौकोन परत मागितला तर कारण न विचारता द्यायचा. आपापल्या घरी दाखवून सही आणायची. हे काम पहिल्या दिवसाच्या आधी करायला हवं होतं.

२८ जुलै

नकाशाच्या जागी खिडकी. आठवणाऱ्या कुठल्याही घराच्या खिडकीतून काय दिसायचं ते काढायचं, गावाचं नाव नाही. आज हॉल पहिल्यांदा शांत होता. पाण्याची टाकी, दोरीवर वाळणारे मोजे, शेजारच्या क्वार्टरची तशीच खिडकी, बर्फाखाली दबलेली सायकल. एका मुलीनं नुसती काळी जाळी काढली. तिथे माकडं येत म्हणून खिडकी कधी उघडलीच नव्हती. एकूण १४ खिडक्या झाल्या.

गोधडीचा काठ कुठल्या रंगाचा यावर चर्चा झाली. अकरावीतल्या मुलीनं माहिती काढून आणली होती की अमेरिकेत १९८६ पासून एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळतात आणि त्या दिवसांत जांभळं घालतात, सगळ्या दलांचा मिळून एक रंग म्हणून. मुलांना महिन्याची कल्पना आवडली, रंग नाही. काठ आयांच्या जुन्या सुती साड्यांचे लावायचे ठरलं.

पुढच्या रविवारी प्रत्येकानं घरातलं एक जुनं कापड आणायचं. प्रश्न एकच : हे कुठल्या कुठल्या घरात होतं?

४ ऑगस्ट

कापडांचा ढीग झाला. परदे सर्वांत जास्त, नऊ घरांतून. मला आश्चर्य वाटायला नको होतं. दर क्वार्टरच्या खिडक्या वेगळ्या मापाच्या, त्यामुळे फौजी घरात परदे कधी धड बसत नाहीत. एक तर जमिनीवर लोळतात, नाहीतर गुडघ्यापर्यंत येतात. आया खाली मुडप घालतात, पुढच्या बदलीला उसवतात, कमी पडलं तर वेगळ्या कापडाची पट्टी जोडतात.

दोन गोष्टी परत कराव्या लागल्या.

एका मुलानं नव्या कॉम्बॅट वर्दीच्या कापडाचा तुकडा आणला होता. ही वर्दी जानेवारी २०२२ च्या सेना दिनाला पहिल्यांदा दिसली, तिच्या नक्षीची सेनेनं नोंदणी करून घेतली आहे आणि ते कापड कुणीही वापरायचं नसतं. त्याच्या वडिलांनीच रात्री फोन करून सांगितलं. तुकडा घरी गेला. मुलगा हिरमुसला.

दुसरं, जुळ्या भावंडांनी घरातल्या काळ्या ट्रंकेवर कापड ठेवून कोळशानं घासून अक्षरांची छाप काढली होती. फार सुंदर उतरली होती, थरावर थर, जुनं गाव खोडून नवं गाव. पण त्यात वडिलांचं नाव, हुद्दा आणि नंबर स्वच्छ वाचता येत होता. ती छापही परत. त्याऐवजी त्यांनी ट्रंकेच्या पोपडे उडालेल्या कोपऱ्यावर कोणते रंग एकाखाली एक दिसतात ते पाहिलं आणि त्या क्रमानं कापडाच्या पट्ट्या लावल्या : काळा, राखाडी, हिरवा, परत काळा. अक्षर एकही नाही आणि ट्रंक मात्र ओळखू येते.

११ ऑगस्ट

कापणी. पुठ्ठ्याचा साचा मी १२ इंचाचा केला. शिवून झाल्यावर चौकोन १२ इंचाचा हवा म्हणजे साचा १३ चा हवा, चारी बाजूंना अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड. माया मी धरलीच नाही. काकू आज पुण्याला लेकीकडे गेल्या होत्या आणि आम्ही उत्साहात ३१ तुकडे कापून बसलो. जुनं कापड, दुसरा तुकडा मिळणार नाही.

तोडगा : चौकोन शिवून ११ इंचाचेच होऊ द्यायचे आणि दोन चौकोनांमध्ये मांजरपाटाची एक इंचाची पट्टी घालायची. सहा चौकोन रुंदीला, सात उंचीला, एकूण ४२. पट्ट्या धरून ७१ बाय ८३ इंच, चारी बाजूंना तीन इंचाचा काठ, म्हणजे ७७ बाय ८९. पट्ट्यांमुळे काम दोन रविवारांनी वाढलं. पण गर्दीही कमी झाली, प्रत्येक चौकोनाला मोकळा श्वास मिळाला. आता कुणी विचारलं तर मी पट्टी घालाच म्हणेन.

२० ऑगस्ट

रविवारी राखीच्या आदल्या दिवशी कोण येणार म्हणून सुट्टी ठेवली होती. आज गाठोडं उघडलं तर कुबट वास. पावसाळ्यात मी सगळी कापडं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवली होती. सहा तुकड्यांवर काळे ठिपके. चार लिंबू, मीठ आणि उन्हानं सुधारले, दोन सुधारले नाहीत. एक माझ्या आईच्या लुगड्याचा होता, त्याचं जाऊ दे. दुसरा एका मुलाच्या बाळपणीच्या दुपट्याचा. त्याच्या आईला स्वतः जाऊन सांगितलं. ठिपक्यांसकटच लावा म्हणाली.

कापड नेहमी सुती पिशवीत ठेवावं. प्लास्टिक कधीही नाही.

२५ ऑगस्ट

आजची चूक सर्वांत मोठी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बुरशीच्या भीतीनं मी उरलेले सगळे तुकडे घरी गरम पाण्यात साबण घालून भिजवले, धुतले आणि कडक इस्त्री केली. सकाळी नीट गठ्ठा करून नेला. सहावीतल्या मुलीनं आपला परद्याचा तुकडा हातात घेतला, उलटा केला, उजेडाकडे धरला आणि म्हणाली, “आंटी, रेघा कुठे गेल्या?”

फिकट पिवळा, बारीक फुलांचा परदा. तिनं मुद्दाम खालचा भाग आणला होता, जिथे तीन मुडपा घातल्या आणि उसवल्या होत्या. प्रत्येक मुडपेची एक रेघ, प्रत्येक रेघ म्हणजे एक घर. तिनं आम्हाला ते सांगितलं नव्हतं, कारण कापडाकडे पाहिल्यावर कुणालाही कळेल असं तिला वाटलं. मला तो चुरगळलेला परदा दिसला. मी इस्त्री फिरवली.

ती रडली नाही. तुकडा ठेवून लांब जाऊन बसली. मी जवळ जाऊन चुकले म्हटलं, ते तिनं ऐकून घेतलं. शेवटी काकूंनी तुकडा तिच्यासमोर पसरला आणि विचारलं, “पहिली कुठं व्हती?” तिनं चार बोटं ठेवली. “आन् दुसरी?” पहिलीपासून खाली दोन बोटं. कापडाच्या रंगात अजून अंधुक फरक होता. मुडपेच्या आत राहिलेला भाग ऊन न लागल्यानं किंचित गडद असतो. खिडकीशी तिरपं धरलं की दिसतं. ती बोटं ठेवत गेली, काकूंनी खडूनं खुणा केल्या, आणि मग तिनं तिन्ही रेघांवर लाल दोऱ्यानं धावदोरा घातला. पहिली रेघ वाकडी, तिसरी बरीच सरळ. त्यासाठी दोन तास लागले. तेवढ्यात तिन्ही घरांत ती खिडकी कुठल्या खोलीची होती तेही बोलून झालं. मधल्या घरातली स्वयंपाकघराची होती, म्हणून तिथल्या मुडपेत तेलाचा वास राहिला होता. तोही मी धुऊन टाकला.

दुसऱ्याचं कापड धुण्याआधी त्याला विचारायचं. डाग असेल तर डाग कशाचा ते विचारायचं. हे आता भिंतीवरच्या कागदावर नवा नियम म्हणून आहे.

१ सप्टेंबर

वर्दीचा तुकडा परत गेलेला मुलगा आज होल्डॉलचा, म्हणजे प्रवासात बिछाना गुंडाळून न्यायच्या पिशवीचा तुकडा घेऊन आला. आजोबांचा. ते बॉम्बे सॅपर्स या पलटणीत होते असं तो म्हणाला, मग जीभ चावली. आजोबांचं चालतं असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. जाड किरमिजी कॅनव्हास, त्यात चार सुया मोडल्या. अंगुस्तान घालूनही बोटाला भोक पडलं. रेल्वे क्रॉसिंगपाशी बसणाऱ्या मोचीकडे नेला. त्यानं आधी आरीनं भोकं पाडून दिली, मग मुलानं त्या भोकांतून दोरा ओवला. मोचीनं पैसे नको म्हटलं, बळेच १५० दिले.

लाल पॉपलिनचा रंग शेजारच्या पांढऱ्यावर उतरला. नव्या लाल कापडाला आधी साध्या थंड पाण्यात दोन-तीनदा बुडवून पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायला हवं. तो पांढरा चौकोन गुलाबीच राहिला.

८ ते १७ सप्टेंबर

काम बंद. गणपतीमुळे हॉलमध्ये रोज स्पर्धा, नाटुकली, अथर्वशीर्षाची आवर्तनं. हे वेळापत्रक करतानाच लक्षात घ्यायला हवं होतं. अनंत चतुर्दशीला मुलं गिरण्यांच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले रोषणाईचे देखावे, पाहायला गेली. आठवीतला मुलगा दरवर्षी दुसऱ्या गावचे गणपती पाहत आला आहे. त्याला इंदूरची ही रात्रभरची मिरवणूक आणि दिवे एवढे आवडले की चौकोनात ते काढायचे आहेत म्हणतो. काढ म्हटलं. गावाचं नाव न घेताही इंदूरकरांना कळेलच.

२२ सप्टेंबर

आतापर्यंत मी ‘तुमची गोष्ट सांगा’ म्हणत होते तेव्हा कुणी सांगत नव्हतं. आज नुसते टाके घालायचे होते, गोल बसून, माना खाली. मुलं आपोआप बोलायला लागली. कुणी एकमेकांकडे पाहत नव्हतं, म्हणूनच बहुतेक.

सातवीतला : “मी अपूर्णांक शिकलोच नाही. तिथे पुढच्या महिन्यात होते, इथे मागच्या महिन्यात झाले. पृथ्वीचं फिरणं मात्र दोनदा.”

बदलीच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालयं असताना असं का व्हावं, यावर मोठ्यांमध्ये वाद लागला. केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ मध्ये सुरू झाली, सुरुवातीला वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन. मूळ हेतूच हा, की बदली झाली तरी पुस्तक तेच राहावं. पण सगळ्यांना तिथे जागा मिळत नाही, आणि वर्षाच्या मध्ये आलात तर आणखी कठीण. या मुलाच्या तीन शाळा, तीन बोर्डं. त्याच्या चौकोनात आता अर्धीच कापलेली पोळी आहे. अपूर्णांकाचं चित्र म्हणून.

दहावीतली : “नव्या वर्गात मी कधी खिडकीजवळ बसत नाही. तिथे आधीपासून कुणीतरी असतंच.”

सर्वांत धाकटा, चौथीतला : “५६ एपीओ केवढं आहे? इंदूरपेक्षा मोठं?” त्याला ते गाव वाटत होतं. वडील कुठेही असोत, पत्ता तोच, त्यामुळे त्याच्या लेखी बाबा गेली तीन वर्षं एकाच गावी आहेत. कुणी हसलं नाही. त्याच्या ताईनं समजावलं की ते फौजेच्या टपालाचं नाव आहे, पत्रं आधी दिल्लीला एका ठिकाणी जातात आणि तिथून पुढे. थोडा विचार करून तो म्हणाला, “मग दिल्लीवाल्यांना माहितीये.” त्याच्या चौकोनात टपालाचा गोल शिक्का आहे, आत फक्त ५६. हा चौकोन मधोमध लावायचा असं मुलांनी एकमतानं ठरवलं. माझं मत वेगळं होतं, पण मी बोलले नाही.

आम्ही हे आवाज फोनवर रेकॉर्ड करून गोधडीशेजारी ऐकवायचे म्हणून साठवत होतो. एकदा बसून ऐकले. बोलण्याच्या ओघात नावं, जागा, तारखा सगळं येतं. सगळं पुसलं. या नोंदीतली वाक्यंसुद्धा मुलांना विचारून घेतली आहेत.

६ ऑक्टोबर

आठवीतल्या मुलाच्या वडिलांची बदली आली. सहा दिवसांत सामान बांधायचं. झाक्यांचा चौकोन निम्मा झाला होता. तो इथेच ठेवून जायला तयार नव्हता. दोरा, सुई आणि पत्ता लिहिलेलं पाकीट दिलं. खरं सांगायचं तर परत येईल असं मला वाटलं नाही.

नववीतल्या एका मुलीनं आपला चौकोन परत मागितला. नियम होता, दिला. तिच्या जागी कोरं मांजरपाट लावलं. त्यावर काही भरायचं का असं दोघांनी विचारलं. नाही म्हटलं.

२० ऑक्टोबर

थर. काकूंच्या वाकळेत जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर असतात. आम्ही पाच घेतले. मुलांच्या हातून सुई आरपार जाईना, वरून टाका दिसे आणि खाली पोचलेलाच नसे. शेवटी तीनच ठेवले : वर चौकोन, मध्ये एक जुनी सुती साडी, खाली मांजरपाट.

मोठी चूक म्हणजे कच्चा टाका मारायचा कंटाळा केला. टाचण्यांवर भागवलं. चौदा मुलं चारी बाजूंनी एकाच वेळी शिवायला बसली, प्रत्येकानं आपल्याकडे ओढलं, आणि उलटं केल्यावर अस्तराला बोटभर चुण्या. दीड रविवाराचं काम उसवलं. नंतर काकूंनी सांगितलं तसं केलं : सगळं जमिनीवर ताणून, मधून कडेकडे कच्चा टाका, वीतभर अंतरावर रेघा. मग काठापासून गोल फिरत आत. एका वेळी सहाच जणांनी बसायचं, बाकीच्यांनी दोरे ओवून द्यायचे. दिवाळीच्या आधी अर्धं झालं.

१० नोव्हेंबर

दिवाळीचे दोन रविवार सोडून आज परत. पाकीट आलं! झाक्या पूर्ण, दिवे पिवळ्या दोऱ्याचे. कोपऱ्यात त्यानं मनानं एक ट्रक घातला आहे.

आता एकच जागा रिकामी. तीन दिवसांपूर्वी महाराष्ट्रात विद्यार्थी दिन होऊन गेला, ७ नोव्हेंबर. १९०० साली त्या दिवशी भीमराव आंबेडकरांचं साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं गेलं. काकूंच्या नातीनं शाळेत भाषण केलेलं, ते तिनं फोनवरून आजीला ऐकवलं होतं आणि काकूंनी इथे सांगितलं. बाबासाहेबांचा जन्म महूचा हे इथल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, गावाला २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर म्हणतात, स्टेशनवर पाटी आहे. पण महूचाच का, हा प्रश्न आज अकरावीतल्या मुलीनं विचारला. कारण वडील रामजी फौजेत सुभेदार होते आणि १८९१ मध्ये तिथल्या छावणीत नोकरीला होते. सेवानिवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला, मग साताऱ्याला, पुढे मुंबईला.

मुलं जरा वेळ गप्प होती. मग चौथीतला म्हणाला, “म्हणजे त्यांना पण सारखं नवीन शाळेत जावं लागलं.” त्यांना शाळेत जे सोसावं लागलं ते नव्या शाळेच्या परकेपणाहून फार वेगळं आणि फार कठोर होतं, वर्गात वेगळं बसवलं जाणं, पाण्याला हात लावू न देणं. मोठ्या मुलांनी ते धाकट्यांना सांगितलं, मी मध्ये पडले नाही. शेवटच्या चौकोनावर चार गावं ओळीनं भरली : महू, दापोली, सातारा, मुंबई. अख्ख्या गोधडीत गावांची नावं आहेत ती एवढीच.

२४ नोव्हेंबर

टांगून पाहिली. वजन पावणेपाच किलो. वर शिवलेल्या कापडी कड्या दहा मिनिटांत उसवल्या, भार मोजक्या टाक्यांवर येतो. कड्या काढून मागच्या बाजूला पूर्ण रुंदीची नळी शिवली. त्यात ॲल्युमिनियमचा परद्याचा रॉड घातला, ६४० रुपये, तो मधोमध वाकला. मग १२० रुपयांचा बांबू. बांबू नीट बसला. आधी घासून तासून घ्यावा, नाहीतर कुसळं कापडात जातात.

७ आणि ८ डिसेंबर

सशस्त्र सेना ध्वज दिन ७ डिसेंबरला असतो, १९४९ पासून. त्याच निमित्तानं हॉलमध्ये दोन दिवस गोधडी लावली. हॉलवाल्यांनी भाडं घेतलं नाही. भाषण ठेवलं नाही. शेजारी एका टेबलावर कापडाचे तुकडे, सुया आणि दोरे ठेवले आणि मुलं आळीपाळीनं तिथे शिवत बसली. गोधडीपाशी उभं राहून माणसं फारसं बोलत नव्हती, टेबलापाशी आली की बोलायची. एक निवृत्त हवालदार पाऊण तास तिथे बसून बटण शिवत होते.

एकच गोष्ट खटकली. काही पाहुणे मुलांच्या डोक्यावर हात ठेवून ‘किती शूर’ म्हणत होते. दहावीतली मला नंतर म्हणाली की शूर म्हटलं की पुढे काय बोलायचं ते कळत नाही. पुढच्या वेळी दारातच एक पाटी लावेन : मुलांना परद्यांबद्दल विचारा.

१५ डिसेंबर

हिशेब. मांजरपाट सात मीटर ५६०, वाया गेलेलं केसमेंट ५७०, दोरे ७५०, सुया आणि अंगुस्तानं ३८०, चार कात्र्या ८८०, वाया गेलेले रंग १,१४०, काकूंचं मानधन ६,०००, हॉल पंधरा रविवार ४,५००, पोहे-चहा ३,४५०, रॉड आणि बांबू ७६०, मोची १५०. एकूण १९,१४० रुपये. त्यातले २,३५० शुद्ध माझ्या चुकांचे. सोळा घरांनी मिळून बारा हजार दिले, उरलेले आम्ही काम चालवणाऱ्यांनी.

गोधडी कुठे ठेवायची हे ठरायला वेळ लागला. एका शाळेनं कायमची मागितली, मुलं नको म्हणाली. सध्या ती जुळ्या भावंडांच्या घरातल्या काळ्या ट्रंकेत आहे, आत कडुलिंबाचा पाला. मार्चमध्ये त्यांचीही बदली होईल, तेव्हा दुसऱ्या घरी जाईल. दर दोन महिन्यांनी बाहेर काढून सावलीत वारा द्यायचा.

आज घडी घालताना काकूंनी थांबवलं. दर वेळी घडी वेगळ्या ठिकाणी घालायची, त्याच त्या रेघेवर घातली की तिथेच कापड विरतं आणि फाटतं. परद्यावाली मुलगी हे नीट ऐकत होती. तिनं वहीचा कागद फाडला, गोधडीचा चौकोन काढला, आजची घडी कुठे पडली ती रेघ मारली, तारीख घातली आणि कागद झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवला. पुढच्या घडीसाठी खाली जागा ठेवली आहे.